गावातली बारव बुजवायची की उपसायची? (आणि उपसली तर पाणी येतं का?)

गोदाकाठचा
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आता अडलंय म्हणून धागा काढतोय.

आमचं गाव परभणी जिल्ह्यात. नाव मुद्दाम देत नाही, गावातली निम्मी पोरं इथे पडीक असतात. मारुतीच्या देवळामागे एक बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे. चौकोनी, समोरासमोर दोन बाजूंनी पायऱ्या, भिंतीत पाच देवळ्या. त्यातल्या एकीत साती आसरा, म्हणजे पाण्याच्या सात देवता, शेंदराच्या सात ठिपक्यांच्या रूपात. लहानपणी मी तिच्यात पोहायला शिकलो, पाठीला वाळका भोपळा बांधून. आता निम्मी गाळाने भरलीय. उरलेल्या निम्म्यात गणपती, घट, फुटक्या काचेच्या तसबिरी आणि कुणीतरी टाकलेला टीव्हीचा डबा.

१ मेच्या ग्रामसभेत विषय येतोय: बारव बुजवायची आणि वर सभामंडप बांधायचा. म्हणणं अगदीच चूक नाही. मागे एक म्हैस पडली होती, उद्या लेकरू पडलं तर? आम्ही आठ-दहा जण म्हणतोय, गाळ काढू. त्यावर वडिलांनी एवढंच विचारलं, "गाळ काढाल रे, पाणी कुठून आणाल?" मला उत्तर देता आलं नाही.

तर ज्यांच्या गावात बारव उपसली त्यांनी सांगा: पाणी आलं का? आलं तर कुठल्या महिन्यापर्यंत टिकलं? फोटो नकोत, खरं काय ते हवंय.

सदाशिवपेठी_भटक्या
बुजवणार?? अहो शंभराच्या नोटेमागे काय छापलंय ते दाखवा त्या लोकांना! पाटणची रानी की वाव. सोलंकी राजा भीमदेव पहिला, त्याची राणी उदयमती, अकरावं शतक. २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. आपल्याकडे लिंबची बारा मोटेची विहीर बघा, वालूरची चक्राकार बारव बघा. दर रविवारी एक बारव असा माझा नेम आहे. तुमच्याकडची बघायला नक्की येणार, लोकेशन व्यनि करा.

गोदाकाठचा
या की. येताना एक घमेलं आणि फावडं घेऊन या.

चहाटळ
खिक्! भटक्याशेठ, पुढचा रविवार बुक झाला.

भूगर्भी
धागाकर्त्याच्या वडिलांचा प्रश्न लाखमोलाचा आहे. नोकरीची तीस वर्षं विहिरींच्या पाण्याची पातळी मोजण्यात गेली, म्हणून थोडं लांबण लावतो.

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भूभाग काळ्या पाषाणाचा, बेसॉल्टचा. हा दगड मुळात पाणी धरत नाही. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खालच्या दगडाच्या भेगांत. बारव बांधणाऱ्याने काय केलंय? मुरमाचा थर पूर्ण ओलांडून कठीण दगडापर्यंत खड्डा नेलाय आणि चारी बाजूंनी घडीव चिरे रचलेत, बऱ्याच ठिकाणी चुन्याशिवाय. ते सांधे मोकळे असतात म्हणून मुरमातलं पाणी आत झिरपतं. बाहेरून माती ढकलत असते तिचा जोर पायऱ्या-पायऱ्यांच्या उतरंडीने पेलला जातो. एकच उभी भिंत असती तर दोन पावसाळ्यांत आत आली असती.

म्हणजे बारव हा पाण्याचा साठा नव्हे. जमिनीतल्या वरच्या पाण्याला पाडलेली ती खिडकी आहे. त्या थरात पाणी असेल तर बारवेत दिसेल, नसेल तर कितीही गाळ काढा, दिसणार नाही.

आता बोअरकडे या. बोअर घेताना केसिंग पाइप फक्त वरच्या मऊ थरापुरता घालतात, तोही पैसे वाचवायला आखूड. खालचं भोक उघडंच. मग मुरमातलं पाणी त्या भोकातून थेट चारशे-पाचशे फुटांवर उतरतं. गावाभोवती असे चाळीस बोअर असले तर बारव जानेवारीतच कोरडी, तिचा काही दोष नसताना.

तेव्हा आधी एक करा. बारवेपासून हाकेच्या अंतरात जुनी विहीर असेल तर तिची पातळी आज मोजा. उन्हाळ्यात त्या विहिरीला पाणी असेल, तर बारवेला येईल.

पावसाळी_बेडूक
भूगर्भी काका, __/\__ . वाचनखूण साठवली.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या अमरावतीत दर्यापूरजवळ महिमापूरले सात मजली पायविहीर आहे. सात मजली बाप्पा! मुंबईवाले सात मजले वर चढतेत, आम्ही खाली उतरतो. उन्हाळ्यात चौथ्या मजल्यावर बसलं का कूलरची गरज नाही. मी बारावीचा अभ्यास तिथंच केला. नापास झालो तो भाग वेगळा.

भूगर्भी
ठेचा, निकालाचं माहीत नाही पण गारव्याचं बरोबर आहे. खोलवर दगड तापत नाही, ऊन मधल्या दोन-तीन तासांपुरतंच येतं आणि पाण्याची वाफ होताना हवा थंड होते. बायका दुपारी धुणी घेऊन तिथे रेंगाळायच्या त्याला हेही कारण होतं. (सासू वर, आपण खाली, हे दुसरं.)

स्पष्टवक्ता६२
सगळे गहिवरलेत म्हणून मुद्दाम उलटं लिहितो.

माझं बालपण बालाघाटच्या डोंगरातल्या एका वाडीत गेलं. आमच्याकडे पायऱ्यांची विहीर होती आणि नारू होता. इथल्या किती जणांनी नारू पाहिलाय? माझ्या वडिलांच्या घोट्याजवळ फोड आला, फुटला, आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा दिसायला लागला. आई रोज आगकाडीला त्याचा एक वेढा द्यायची. एकच. जोराने ओढला तर आत तुटतो आणि पाय सडतो. हातभर किडा निघायला महिना लागला, ऐन पेरणीत.

तो यायचा पायऱ्यांच्या विहिरीतूनच. नारू झालेला माणूस पाण्यात पाय घालतो, किडा पाण्यात अळ्या सोडतो, त्या अळ्या पाण्यातल्या बारीक जिवाच्या पोटात जातात, ते पाणी आपण पितो, आणि साधारण वर्षाने आपल्या पायाला फोड येतो. पायऱ्या नसत्या तर पाय पाण्यात गेलाच नसता. म्हणून सरकारने पायविहिरी बंद करून हातपंप दिले, रहाटाच्या विहिरी केल्या. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. माझ्या वाडीतल्या पायऱ्या तोडल्या तेव्हा कुणी रडलं नाही. आईने तर नारळ फोडला.

कलाकुसर वगैरे ठीक. ते पाणी प्यायलेल्या माणसाला विचारा.

शेवंता_कुलकर्णी_नाही
बाप रे. आगकाडीचं वाचून घशाखाली चहा उतरेना. आमची आजी पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय माठात ओतायची नाही. तिला कारण विचारलं की म्हणायची, "नारू येतो." आम्हाला वाटायचं नारू म्हणजे बागुलबुवा.

गोदाकाठचा
स्पष्टवक्ता६२, मनापासून आभार. हे कुणी बोलत नाही. प्यायचं पाणी म्हणून आम्ही कुणीच मागत नाहीये, नळ आहे (आठवड्यातून एकदा येतो, पण आहे). जनावरं, धुणी आणि आजूबाजूच्या विहिरींना ओल, एवढंच डोक्यात आहे.

मोटकरी
वय ७८. नातू टाइप करतोय, मी सांगतोय.

वर बारा मोटेच्या विहिरीचा विषय निघाला म्हणून. ती साताऱ्याजवळ लिंबला. शाहू महाराजांच्या अमदानीत वीरूबाई भोसले यांनी बांधली, १७१९ ते १७२४. वरून पाहिलं तर शिवलिंगाचा आकार. पोटात छोटा महालच आहे, त्याच्या छतावर मोटा चालायच्या. आमराईला पाणी द्यायला बांधली.

आता मोट म्हणजे काय ते आजच्या पोरांना ठाऊक नाही. कातड्याची पखाल, तिला खाली सोंड. तोंडाला जाड नाडा, सोंडेला बारीक सोंदूर. बैल धावेवरून उतरणीला चालले की मोट वर येते. काठाला आली की सोंदूर सोंडेला थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडीत ओढतो आणि पाणी आपोआप ओततं, हात लावायचा नाही. मग बैल पाठमोरे वर सरकतात. पाठमोरे चालणं ही बैलाची विद्या आहे, नव्या खोंडाला ते शिकवायला एक हंगाम जातो. मी पहाटे चारला मोट धरायचो आणि ऊन चढलं की सोडायचो. नाड्याने दगडाला घळ पडतात. विहिरीच्या काठावर हात फिरवा, बोट जाईल एवढी खोल घळ लागली तर समजा तिथे पिढ्या गेल्यात.

चहाटळ
आजोबा, दंडवत. एक शंका. लिंबला बारा मोटेची म्हणतात पण थारोळी मोजली तर पंधरा भरतात म्हणे?

मोटकरी
मोज पंधरा. चालायच्या बारा. तुझ्याकडे चपलांचे जोड किती आणि पाय किती?

चहाटळ
_/\_ बसलो खाली.

देवळी
माझा थोडा शास्त्राचा नाद. अपराजितपृच्छा या जुन्या वास्तुग्रंथात वापीचे, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीचे, चार प्रकार दिलेत: एका बाजूने वाट ती नंदा, दोन बाजूंनी भद्रा, तीन बाजूंनी जया, चारी बाजूंनी विजया. वाटेगणिक तीन टप्पे, म्हणजे तीन, सहा, नऊ, बारा कूट. धागाकर्त्याची बारव दोन तोंडांची, म्हणजे भद्रा.

अवांतर: महाराष्ट्रात जुनं काहीही दिसलं की दोनच उत्तरं मिळतात. एक, "हेमाडपंती". दोन, "पांडवांनी एका रात्रीत बांधलं". मंचरच्या बारवेत शिलालेख आहे शके १२६६चा, म्हणजे इ. स. १३४४. हेमाडपंत ज्यांचा प्रधान त्या यादवांचं राज्य जाऊन तेव्हा पंचवीसेक वर्षं झाली होती. अहिल्याबाईंनी तर अठराव्या शतकात देशभर विहिरी-बारवा बांधल्या आणि जुन्या दुरुस्त केल्या. तेव्हा गावात "हेमाडपंती आहे हो" म्हणून भाषण ठोकण्याआधी दगडावर काही कोरलंय का ते बघा. गाळाखालच्या पायऱ्यांवर असू शकतं.

वऱ्हाडी_ठेचा
पांडवांनी एका रात्रीत इतकं बांधलं तर दिवसा काय करत होते?

काठावरची
बराच वेळ लिहू की नको करत होते.

वर गारवा, धुणी, आसरा, पोहणं हे सगळं वाचलं. माझ्या आजीच्या गावातही बारव होती. आजी तिच्या शेवटच्या पायरीपर्यंत आयुष्यात एकदाही उतरली नाही. वरच्या कठड्याशी घागर ठेवून उभं राहायचं. खालून कुणी पाणी घेऊन आलं आणि दया आली तर लांबून घागरीत ओतणार. कधी दहा मिनिटं, कधी दुपार. घागर शिवू नये म्हणून ओतणारी हात उंच धरायची, त्यामुळे अर्धं पाणी आजीच्या लुगड्यावर. ती म्हणायची, "पाणी मिळालं का नाही ते लुगडं पिळून सांगायचं."

फुल्यांनी स्वतःच्या घरचा हौद खुला केला १८६८ मध्ये. चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं २० मार्च १९२७ रोजी. आजीचा जन्म त्यानंतरचा, तरी ती काठावरच.

बुजवा असं मी म्हणत नाहीये. पण "गावाची बारव" म्हणताना गाव म्हणजे कोण, ते एकदा विचारा.

राजाभाऊ_लातूरकर
प्रत्येक धाग्यात जात आणलीच पाहिजे का? विषय पाण्याचा आहे.

शेवंता_कुलकर्णी_नाही
राजाभाऊ, त्यांच्या आजीचाही विषय पाण्याचाच होता.

स्पष्टवक्ता६२
+१. आमच्या वाडीत हातपंप आला तेव्हा भांडण पाण्यावरून झालं नाही, दांड्याला आधी कुणी हात लावला यावरून झालं. सहा महिन्यांनी सगळे एकाच दांड्याला लटकत होते, कारण दुसरा पंपच नव्हता.

बडोदेकर
विषय थोडा हलका करतो. तिसरी पिढी बडोद्यात. इथे लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात नवलखी वाव आहे, १४०५ची. म्हणजे गायकवाड येण्याच्या तीनशेहून जास्त वर्षं आधीपासून ती तिथे उभी आहे. नावावरून वाटतं नऊ लाख खर्च, पण इथे ज्याला-त्याला नवलखी म्हणतात, त्यामुळे हिशेब मागू नका.

अहमदाबादजवळची अडालज पाहिली नसेल तर पाहा. पंधराव्या शतकाच्या अखेरची, पाच मजले खोल. गुजरातेतल्या वावा लांबट असतात: रस्त्यावरून सरळ खाली जाणारा जिना, मध्ये मध्ये खांबांचे मंडप, शेवटी गोल विहीर. आपल्याकडच्या बहुतेक बारवा चौकोनी आणि आकाशाला उघड्या. तिकडे वाळू आणि गाळाची जमीन, पाणी खोल, म्हणून लांब जिना. इकडे दगड वरच लागतो. भूगर्भी काका चूक असेल तर कान धरा.

आणि बुजलेल्या बारवेचा शोक करणाऱ्यांसाठी: पाटणची रानी की वाव सरस्वती नदीच्या पुराच्या गाळाने भरून गेली होती. पुरातत्त्व खात्याने गेल्या शतकात उकरून काढली तेव्हा मूर्ती नव्यासारख्या निघाल्या. गाळानेच वाचवल्या.

गोदाकाठचा
म्हणजे टीव्हीचा डबाही पाचशे वर्षांनी युनेस्कोत!

गोंयकार
आमच्याकडे विहिरीला बांय म्हणतात. वापीची वाव, बाव, बावडी, आमची बांय. सगळी एकाच घरची भावंडं. आम्हाला पाऊस इतका की बांय दारातच. तुमची पाण्यासाठी उतरायची वाट वाचून नवल वाटलं. चालू द्या.

सिमेंटचा_शाप
मूळ प्रश्नाला उत्तर देणारा बहुधा मीच पहिला. आमच्या गावात उपसली. दोनदा.

पहिल्यांदा गाळ काढला गावाने. चव्वेचाळीस दिवस, रोज सकाळी दोन तास. गाळ काढायला यंत्र उतरत नाही, घमेल्यांची माणसांची साखळीच लागते. वरचे तीन फूट प्लास्टिक आणि निर्माल्य, त्याखाली चिकट काळी माती. ती काळी मातीच खरी वैरीण, झऱ्याच्या तोंडाला लोण्यासारखी बसते. शेवटच्या थरात तांब्या-पितळेची पाच भांडी, एक जातं आणि बांगड्यांचे तुकडे निघाले. पूर्वेच्या कोपऱ्यात पोराने पहार मारली आणि दोन चिऱ्यांच्या सांध्यातून करंगळीएवढी धार आली. त्या दिवशी कुणी घरी जेवायला गेलं नाही. त्या वर्षी पाणी मार्चअखेरपर्यंत टिकलं.

मग निधी आला. निधी आला की ठेकेदार येतो. त्याने "मजबुती" म्हणून आतून सगळे सांधे सिमेंटने भरले, वरून ऑइल पेंट. तळाला काँक्रीट. पुढच्या पावसाळ्यात बाहेर शेतात पाणी उभं आणि बारवेत फक्त आभाळातून पडलेलं. आम्ही हौद बांधून घेतला, स्वतःच्या खर्चाने नाही एवढंच समाधान. आता छिन्नी घेऊन एकेक सांधा मोकळा करतोय. यंदा सोळा झाले.

भूगर्भी
हे सोन्याच्या अक्षरात लिहून ठेवा. सांध्यांना सिमेंट नको. पिंपळ-उंबराची मुळं काढतानाही ओढून काढू नका, चिरा घेऊन येतील. बुंध्यापासून कापून वाळू द्या. आणि उपसा सुरू करण्याआधी पुरातत्त्व विभागाकडे चौकशी करा. संरक्षित स्मारक असेल तर परवानगीशिवाय दगड हलवता येत नाही.

सदाशिवपेठी_भटक्या
मी खरंच आलो होतो बरं का रविवारी. घमेलं घेऊन. पाठ धरलीय. धागाकर्त्यांच्या आईंच्या हातचं पिठलं खाल्ल्यामुळे तक्रार नाही.

पावसाळी_बेडूक
भटक्याशेठना मानाचा मुजरा. फोटो??

सदाशिवपेठी_भटक्या
काढायचे राहिले. पहिल्यांदाच असं झालं.

गोदाकाठचा
उशीर झाला, माफी. दोन गोष्टी सांगायच्यात.

'काठावरची' यांचा प्रतिसाद वाचून वडिलांना विचारलं, आपल्या बारवेला दोन वाटा कशाला? मला वाटायचं एक यायला, एक जायला. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, उत्तरेची वाट सगळी खालपर्यंत जाते. दक्षिणेची अकरा पायऱ्यांनंतर थांबते, तिथे एक दगडी कुंडी आहे. उत्तरेच्या बाजूने कुणी पाणी आणून त्या कुंडीत ओतायचं, दक्षिणेच्या वाटेने येणाऱ्यांनी तिथून घ्यायचं. देवळी यांनी तिला 'भद्रा' म्हटलं होतं. शास्त्रात बसते की नाही माहीत नाही. मी दहा वर्षं तिथे पोहलो, त्या कुंडीवरून उड्या मारल्या, आणि कधी विचारलं नाही. ग्रामसभेआधी हे मी स्वतः त्या गल्लीत जाऊन बोललो. तिथल्या दोन म्हाताऱ्या बायकांना कुंडी बरोबर आठवत होती. एक म्हणाली, "उपसा, पण कुंडी काढू नका. पोरांना दाखवायची हाय."

दुसरं, भूगर्भी काकांनी सांगितलं तसं शेजारच्या विहिरीची पातळी मोजली. दोराला दगड बांधून. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एकोणचाळीस फुटांवर पाणी लागलं. बारवेचा तळ वडिलांच्या अंदाजाने पंचेचाळीस फुटांवर. म्हणजे काठावर पास.

हे मोजताना वडिलांना एक आठवलं. बोअर येण्याआधी गावात कुणी पातळी मोजायचं नाही, पण सगळ्यांना माहीत असायची. बायका पाणी घेऊन वर आल्या की "आज अठरावी" म्हणायच्या. अठरावी म्हणजे पाणी अठराव्या पायरीवर. आसरांची देवळी उघडी पडली की उन्हाळी भुईमुगाचं पाणी बंद, हा गावाचा कायदा. कुणी लिहिलेला नव्हता, कुणाची सही नव्हती. बाहत्तरच्या दुष्काळात तळाचा दगड दिसला तेव्हा अख्खं गाव तो बघायला आलं होतं. आता आमच्या आळीत प्रत्येकाचा बोअर वेगळा, किती खाली गेला ते फक्त ज्याचा त्याला माहीत, आणि तोही शेजाऱ्याला खोटं सांगतो.

भूगर्भी
गोदाकाठचा, नोकरीभर मी जे करत होतो ते तुमच्या बायका फुकटात करत होत्या. आमची खात्याची निरीक्षण विहीर वर्षातून चारदा मोजली जाते. तुमच्याकडे रोज दोनदा, सकाळ-संध्याकाळ.

राजाभाऊ_लातूरकर
आम्हाला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तेव्हा रेल्वेचे डबे मोजत होतो, कुणी पायऱ्या मोजल्या असत्या तर आधी कळलं असतं. (आणि हो, त्या कुंडीबद्दल वाचलं. वरचा माझा प्रतिसाद मागे घेतो.)

काठावरची
गोदाकाठचा, त्या म्हाताऱ्या बायकांना माझा नमस्कार सांगा. नक्की सांगा.

चहाटळ
ग्रामसभेचं काय झालं ते राहिलंच!

गोदाकाठचा
झाली. तीन तास. सभामंडप गायरानाच्या कडेला हलवला, तिथे तरी म्हशी पडणार नाहीत. बारवेला कठडा आणि लोखंडी फाटक करायचं ठरलं, रात्री कुलूप. किल्ली मारुतीच्या पुजाऱ्याकडे असावी असा सूर निघाला. दक्षिणेच्या गल्लीने सांगितलं, दोन किल्ल्या करा. दोन झाल्या. सिमेंट लावायचं नाही हे इतिवृत्तात लिहून घेतलं, त्यावर सरपंच म्हणाले, "इतकं काय त्या सिमेंटमध्ये?" मी या धाग्यातला सिमेंटचा_शाप यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. ऑइल पेंटवर सगळे हसले, आमच्याकडे तोच ठेकेदार असल्यासारखे.

पोरांनी उत्तरेच्या बाजूला दर पायरीवर चुन्याने आकडे टाकलेत. गाळ अजून बावीसपर्यंतच निघालाय. पाऊस पडला की बघू.

सिमेंटचा_शाप
आम्हीही आकडे टाकले. सतरावा सांधा आज मोकळा झाला.

मोटकरी
नातू रोज विचारतो, आज किती. त्याला सांगितलंय की धागा वर काढत राहा.

गोदाकाठचा
धागा वर काढतोय. काल रात्री मृग बरसला. सकाळी वडील मला न उठवता बारवेवर जाऊन आले, चपला चिखलाने भरलेल्या. दारातूनच म्हणाले, "एकविसावी."

वऱ्हाडी_ठेचा
महिमापूर: अजून कोरडंच हाय बाप्पा. उद्या पुन्हा उतरून पाहतो.